विधिग्रंथपाल, विद्यापीठीय

विद्यापीठाच्या विधिशाखेच्या ग्रंथालयाचा प्रमुख. या पदावरील व्यक्तीस ग्रंथालयाचे प्रशासन, ग्रंथसंपादन आणि कायद्याच्या साधनांचा शोध घेण्याचे शिक्षण अशी तिहेरी जबाबदारी पार पाडावी लागते. हे पद स्वतंत्र व्यवसाय म्हणून प्रथम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकसित झाले. त्याच्या निवडीचा इतिहास प्रामुख्याने दोन प्रश्नांभोवती फिरतो : ग्रंथपाल कायदेपंडित असावा की ग्रंथालयशास्त्रज्ञ, आणि त्याची नेमणूक विधिशाखेने करावी की विद्यापीठाच्या मध्यवर्ती ग्रंथालयाने. या प्रश्नांच्या उत्तरांवरच त्या त्या ग्रंथालयाचे स्वरूप अवलंबून राहिले.

विधिग्रंथालयाची गरज इतर ग्रंथालयांहून वेगळी असते. इंग्लिश परंपरेतील कायद्यात पूर्वनिर्णयांना बंधनकारक महत्त्व असल्यामुळे न्यायनिवाड्यांचे जुने खंड कालबाह्य होत नाहीत. शंभर वर्षांपूर्वीचा निवाडा आजच्या खटल्यात आधार म्हणून पुढे येऊ शकतो. निवाड्यांचे खंड, अधिनियम, त्यांच्या दुरुस्त्या आणि भाष्यग्रंथ हे सर्व अखंड मालिकेच्या रूपाने जपावे लागतात. मालिकेत एकदा पडलेली खोट पुढे भरून काढणे खर्चाचे व पुष्कळदा अशक्य ठरते. ग्रंथपालाची चुकीची निवड लगेच जाणवत नाही, परंतु तिचे दुष्परिणाम पुढील पिढीला भोगावे लागतात, ते याच कारणाने.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे पद बहुधा विद्यार्थ्याकडेच सोपविले जाई. हार्व्हर्ड येथे १८१७ मध्ये विधिविद्यालय स्थापन झाले. जोसेफ स्टोरी हे १८२९ मध्ये तेथे प्राध्यापक झाले व त्यांच्या खाजगी संग्रहाची विद्यालयाच्या ग्रंथालयात भर पडली. तथापि संग्रह वाढला तरी तो सांभाळणारा कायम सेवक नव्हता. पुढे सेनेटर म्हणून प्रसिद्धीस आलेले चार्ल्स सम्नर यांनी तरुणपणी तेथे ग्रंथपालाचे काम केले व ग्रंथसूची सिद्ध केली. क्रिस्टोफर कोलंबस लँगडेल यांनीही १८५० नंतरच्या दशकात विद्यार्थी असताना या ग्रंथालयात काम केले. अशा नेमणुका एक-दोन वर्षांच्या असत. विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडला की त्याला संग्रहाची झालेली ओळखही त्याच्याबरोबर जाई.

या स्थितीत १८७० नंतर मूलभूत बदल झाला. हार्व्हर्डचे अध्यक्ष चार्ल्स विल्यम एलियट यांनी त्या वर्षी लँगडेल यांना विधिविद्यालयात आणले आणि लवकरच ते अधिष्ठाते झाले. कायदा हे शास्त्र असून त्याची तत्त्वे प्रत्यक्ष निवाड्यांच्या अभ्यासातून काढावी लागतात, असे लँगडेल यांचे प्रतिपादन होते. त्यांचा करारविषयक निवाड्यांचा संग्रह १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातून निवाडापद्धती या नावाने ओळखली जाणारी अध्यापनपद्धती रूढ झाली. रसायनशास्त्रज्ञाला जशी प्रयोगशाळा, तसे विधिज्ञाला ग्रंथालय, अशी त्यांची भूमिका होती. प्रयोगशाळा तात्पुरत्या नोकरावर सोपविता येत नाही. म्हणून १८७२ मध्ये जॉन हाइम्स आर्नल्ड यांची कायम ग्रंथपाल म्हणून नेमणूक करण्यात आली.

आर्नल्ड यांची निवड झाली त्या वेळी ग्रंथपालनाचे औपचारिक शिक्षण देणारी संस्था अमेरिकेत नव्हती. मेल्व्हिल ड्यूई यांनी कोलंबिया येथे असे विद्यालय काढले ते १८८७ मध्ये. आर्नल्ड हे अनुभवातूनच तयार झाले. सु. चार दशके, म्हणजे १९१३ पर्यंत, ते या पदावर होते. दुर्मिळ ग्रंथांच्या शोधात त्यांनी इंग्लंडचे दौरे केले, विक्रेत्यांशी निकटचे संबंध जोडले आणि मालिकांतील खोटी चिकाटीने भरून काढल्या. त्यांच्या कारकीर्दीत संग्रह सु. १५,००० ग्रंथांवरून दीड लाखाच्या आसपास गेला. आंतरराष्ट्रीय कायद्यावरील ऑलिव्हार्ट संग्रह आणि प्राचीन इंग्लिश कायद्यावरील डन संग्रह हे या काळाच्या अखेरीस हार्व्हर्डला मिळाले. योग्य व्यक्तीस दीर्घ मुदत व अधिष्ठात्याचा विश्वास लाभला तर काय साधते, याचे हे उदाहरण मानले जाते.

विसाव्या शतकाच्या आरंभी या सेवकवर्गाला व्यवसायाचे रूप आले. अमेरिकन विधिग्रंथालय संघ १९०६ मध्ये स्थापन झाला आणि १९०८ पासून त्याचे नियतकालिक निघू लागले. अमेरिकन बार असोसिएशनने १९२१ मध्ये विधिविद्यालयांसाठी जी किमान मानके स्वीकारली, त्यांत पुरेशा ग्रंथालयाचा समावेश होता. मान्यता टिकवावयाची असल्यास ग्रंथालय चांगले हवे आणि ग्रंथालय चांगले हवे असल्यास ग्रंथपाल जाणकार हवा, हे विद्यापीठांना उमगू लागले.

तथापि जाणकार कोणाला म्हणावे, याविषयी एकमत नव्हते. हार्व्हर्डने १९२३ मध्ये एल्डन जेम्स यांना ग्रंथपाल नेमले. ते कायद्याचे प्राध्यापक असून सयामच्या शासनाचे परराष्ट्रव्यवहारविषयक सल्लागार होते. कायदेपंडिताने संग्रहाची दिशा ठरवावी आणि तांत्रिक कामे साहाय्यकांनी पाहावीत, हा या निवडीमागील विचार होय. कोलंबिया विद्यापीठाने वेगळा मार्ग पत्करला. तेथील फ्रेडरिक हिक्स (कार्यकाल १९१५–२८) यांच्यापाशी कायद्याची पदवी व ग्रंथालयांतील प्रत्यक्ष अनुभव या दोन्ही गोष्टी होत्या. विधिसंशोधनाच्या साधनांवरील त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९२८ मध्ये येल विद्यापीठाने त्यांना आपल्याकडे घेतले. चांगल्या ग्रंथपालासाठी विद्यापीठांत चढाओढ सुरू झाल्याचे हे द्योतक होते. त्यांच्या जागी आलेले माइल्स प्राइस मूळचे ग्रंथालयशास्त्रज्ञ. पद स्वीकारल्यानंतर त्यांनी कायद्याची पदवी संपादन केली आणि १९६१ पर्यंत कोलंबियाचे ग्रंथालय सांभाळले.

या उदाहरणांतून दुहेरी पात्रतेची कल्पना दृढ झाली. अशी पात्रता असलेले उमेदवार मात्र थोडे असत. वॉशिंग्टन विद्यापीठाने (सिअ‍ॅटल) त्यांच्यासाठी खास शिक्षणक्रम चालविला. १९४४ पासून १९८१ पर्यंत तेथे ग्रंथपाल असलेल्या मॅरियन गुल्ड गॅलाघर यांच्या हाताखाली शिकलेले पुष्कळ जण पुढे विविध विधिग्रंथालयांचे प्रमुख झाले. व्हर्जिनिया विद्यापीठात फ्रान्सिस फार्मर यांनी १९४२ पासून १९७६ पर्यंत हे पद भूषविले. विधिशाखांतील अध्यापकपदे स्त्रियांना जवळजवळ बंद असण्याच्या काळात कायद्याची पदवी घेतलेल्या स्त्रियांना विद्यापीठात प्रवेश मिळाला, तो मुख्यतः या दाराने.

नेमणुकीचा अधिकार कोणाचा, हा दुसरा प्रश्न अधिक वादग्रस्त ठरला. विद्यापीठाच्या सर्व ग्रंथालयांचे नियंत्रण एकाच ठिकाणी असावे, त्यामुळे खर्चाची पुनरुक्ती टळते, असे मध्यवर्ती ग्रंथपालांचे म्हणणे होते. याउलट, विधिग्रंथालय हे अध्यापनाचे अविभाज्य अंग असल्याने त्याचा प्रमुख अधिष्ठात्यासच उत्तरदायी हवा, असा विधिशाखांचा आग्रह होता. अमेरिकन बार असोसिएशनच्या मानकांनी बव्हंशी दुसरा पक्ष उचलून धरला. ग्रंथपालाची निवड विधिविद्यालयाने करावी, त्याच्याकडे शक्यतो कायदा व ग्रंथालयशास्त्र या दोन्ही पदव्या असाव्यात आणि त्यास अध्यापकवर्गात स्थान असावे, अशी तत्त्वे त्यांत अंतर्भूत झाली. अध्यापकाचा दर्जा हा केवळ मानाचा भाग नव्हे. अभ्यासक्रम ठरविणाऱ्या सभेत ज्याला मत नाही, त्याला त्या अभ्यासक्रमास लागणारे ग्रंथ वेळेवर मागविता येत नाहीत.

निवडीची पद्धतीही यातूनच घडली. सामान्यतः अधिष्ठाता प्राध्यापकांची निवड समिती नेमतो. तीत ग्रंथालयातील सेवकवर्गाचा आणि पुष्कळदा मध्यवर्ती ग्रंथालयाचाही प्रतिनिधी असतो. जाहिरातीनंतर अर्जांची छाननी होते. निवडक उमेदवारांना विद्यापीठात बोलावून प्राध्यापक, सेवकवर्ग व विद्यार्थी यांच्याशी त्यांच्या स्वतंत्र भेटी घडवितात आणि त्यांचे एक व्याख्यानही योजतात. नियतकालिके व खंडमालिका यांवर अंदाजपत्रकाचा मोठा भाग खर्च होत असल्याने, कोणत्या मालिका चालू ठेवाव्यात व कोणत्या बंद कराव्यात याविषयी उमेदवाराचे धोरण विशेष बारकाईने तपासले जाते.

इंग्लंडमध्ये विकास निराळ्या रीतीने झाला. केंब्रिजचे स्क्वायर विधिग्रंथालय विसाव्या शतकाच्या आरंभी देणगीतून उभे राहिले. लंडन विद्यापीठाची प्रगत विधि-अध्ययन संस्था १९४७ मध्ये सुरू झाली. ऑक्सफर्डचे विधिग्रंथालय १९६४ मध्ये नव्या वास्तूत आले, ते बॉडलियन ग्रंथालयाचा विभाग म्हणूनच. मध्यवर्ती ग्रंथालयाच्या अधीन राहण्याची ही परंपरा तेथे अधिक रुळली. ब्रिटन व आयर्लंडमधील विधिग्रंथपालांचा संघ १९६९ मध्ये स्थापन झाला.

भारतात विधिशिक्षण जुने आहे. मुंबईत त्यास १८५५ मध्ये प्रारंभ झाला. इंडियन लॉ रिपोर्ट्स ही शासकीय मालिका १८७६ पासून, तर बॉम्बे लॉ रिपोर्टर हे खाजगी प्रकाशन १८९९ पासून निघू लागले. साधने अशी वाढत असताना त्यांची निगा राखणारे स्वतंत्र पद मात्र फार उशिरा निर्माण झाले. विद्यापीठीय ग्रंथपालाच्या निवडीचा गाजलेला प्रसंग मद्रासचा : १९२४ मध्ये तेथे गणिताचे अध्यापक शि. रा. रंगनाथन यांची निवड झाली आणि नंतर त्यांना प्रशिक्षणासाठी लंडनला पाठविण्यात आले. आधी विद्वान निवडावा व मग त्याला तंत्र शिकवावे, हा तेथील क्रम होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने रंगनाथन यांच्याच अध्यक्षतेखाली १९५७ मध्ये नेमलेल्या समितीने ग्रंथपालांना अध्यापकांच्या बरोबरीचा दर्जा देण्याचा पुरस्कार केला. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या दिल्लीच्या भारतीय विधिसंस्थेने विधिविषयक नियतकालिकांची सूची प्रसिद्ध करून या क्षेत्रात महत्त्वाचे काम केले.

आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत विद्यापीठ ग्रंथपालासाठी ग्रंथालयशास्त्रातील पदव्युत्तर पदवी व अनुभव आवश्यक ठरविला आहे. कायद्याची पदवी बंधनकारक नाही. म्हणजे अमेरिकेत विधिशाखेने ग्रंथपाल आपल्याकडे ओढला, तर भारतात ग्रंथालय-व्यवसायाने तो आपल्यातूनच दिला. बंगलोर येथील राष्ट्रीय विधिविद्यापीठात १९८८ पासून अध्यापन सुरू झाले व त्याच धर्तीवर अनेक राज्यांत विधिविद्यापीठे निघाली. महाराष्ट्रात २०१४ च्या अधिनियमान्वये मुंबई, नागपूर व औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) येथे अशी विद्यापीठे स्थापन झाली. या एकविषयक विद्यापीठांत विधिग्रंथपाल हाच विद्यापीठाचा ग्रंथपाल असतो. त्यामुळे अधीनतेचा जुना वाद तेथे उरत नाही, परंतु विषयज्ञानाचा प्रश्न अधिक तीव्र होतो.

अमेरिकेत लेक्सिस (१९७३) व वेस्टलॉ (१९७५) या संगणकीय सेवा सुरू झाल्यापासून निवाड्यांचा शोध घेण्याची रीत पालटली. पूर्वी ग्रंथालय खंड विकत घेई व ते त्याच्या मालकीचे होत. संगणकीय सेवांची बहुधा वर्गणी भरावी लागते आणि ती थांबताच साधन हातचे जाते. त्यामुळे परवान्याच्या करारातील कलमे वाचून त्यांविषयी वाटाघाट करणे, हे ग्रंथपालाचे नवे कर्तव्य ठरले. मुद्रित खंड काढून टाकावेत की राखावेत, हा निर्णयही त्याच्यावर येतो. १८७२ मध्ये ग्रंथ गोळा करणारा हवा होता. आता कोणते साधन पुढील पिढीसाठी खात्रीने उपलब्ध राहील याची पारख करणारा हवा आहे. कार्य बदलले असले, तरी कायद्याचे ज्ञान, ग्रंथालयशास्त्राचे प्रशिक्षण आणि दीर्घ मुदतीची जबाबदारी या तीन कसोट्या निवड समितीपुढे कायम राहिल्या आहेत.