पेज नदीचं पाणी आणि दूरवरचं बटण

मे महिन्यात आमच्या भागातले ओढे-नाले कोरडे पडतात, कर्जतची पेज नदी मात्र वाहत असते. भिवपुरीच्या वीजघरातला संच फिरला की त्याचं पाणी पेजेला येतं, तिथून राजनाल्याने शेतात जातं. संच थांबला की पात्र उतरतं. तो कधी फिरवायचा हे नदीवर धुणं घेऊन आलेल्या बाईला विचारून ठरत नाही. ते विजेच्या मागणीवर ठरतं, आणि ही मागणी मुख्यतः मुंबईची. दूर बसून यंत्र चालू-बंद करणं म्हणजे काय, हे कर्जत-खालापूरला संगणक येण्याआधीपासून ठाऊक आहे.

फेब्रुवारी 1915 मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. लोणावळ्याच्या तलावांतलं पाणी पाचशे मीटरहून अधिक खाली आणायचं, त्यावर चाकं फिरवायची आणि वीज सुमारे 70 किलोमीटरवरच्या परळला, गिरण्यांसाठी पोहोचवायची. 1922 मध्ये भिवपुरी सुरू झालं. गरज परळची, पण झडप उघडणारा माणूस यंत्राशेजारी उभा. आवाज बदलला तर त्याला आधी कळे.

संगणकाशेजारचा असा माणूस विसाव्या शतकाच्या अखेरीस हलला. जुन्या संगणकाचं बटण थेट वीज तोडत असे. 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स हा नवा आराखडा आणला आणि बटण दाबणं ही नुसती विनंती झाली. मशीन बंद दिसलं तरी आत पाच व्होल्टची एक बारीक धार चालू राहू लागली. तिच्यावर नेटवर्क कार्ड जागं राहतं. 102 बाइटचा एक निरोप, ज्यात कार्डाचा क्रमांक सोळा वेळा लिहिलेला असतो, तो आला की ते मशीन उठवतं. याला ‘वेक ऑन लॅन’ म्हणतात. पण हाक मारणाऱ्याला ओ मिळत नाही. मशीन उठलं की नाही, ते वेगळं तपासावं लागतं.

ती उणीव 1998 च्या आयपीएमआय या मानकाने भरून काढली. इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी या कंपन्यांनी ते मांडलं. सर्व्हरच्या पोटात एक छोटा स्वतंत्र संगणक बसवायचा, मोठा झोपला तरी जागणारा पहारेकरी. आयपीएमआयटूलने त्याला विचारता येतं, ‘पॉवर स्टेटस’. तो सांगतो, चालू किंवा बंद. ‘पॉवर सॉफ्ट’ म्हटलं तर मशीन कामं आवरून झोपतं. ‘पॉवर ऑफ’ म्हटलं तर मान पकडून आडवं केलं जातं. पासवर्ड कारखान्यातलाच ठेवला तर हाच पहारेकरी चोरालाही दार उघडून देतो. डॅन फार्मर यांनी 2013 मध्ये या दुबळेपणावर बोट ठेवलं होतं, तरी लोक पासवर्ड बदलायचा कंटाळा करतात.

हा अधिकार किती आंधळा असतो, ते मी स्वतः पाहिलं आहे. खोपोलीतल्या एका संस्थेचे दोन सर्व्हर मी कर्जतहून सांभाळत होतो. शिष्यवृत्तीच्या अर्जांचे दिवस. अडकलेल्या सर्व्हरला ‘पॉवर ऑफ’ द्यायचं होतं. मी एक आकडा चुकलो आणि चांगला चालणारा बंद केला. पडद्यावर उत्तर शांतपणे आलं: पॉवर ऑफ. पहारेकऱ्याने आज्ञा पाळली होती. खोलीत पोरं बसली होती हे त्याला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. अकरा जणांचे अर्धे भरलेले अर्ज गेले. एका मुलीचे वडील रोजंदारी बुडवून तिच्यासोबत आले होते. त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागलं.

खोपोलीच्या त्या वीजघरात चुकीची झडप फिरवू पाहणाऱ्याला शेजारचा कुणीतरी ‘अरे, थांब!’ म्हणाला असता. आता मी आधी ‘पॉवर स्टेटस’ विचारतो, पत्ता दोनदा वाचतो आणि संस्थेच्या शिपाईकाकांना फोन लावतो. ते खोलीत डोकावून सांगतात, ‘पोरं आहेत अजून, दहा मिनिटं थांबा.’