हिराइसेला सगळी पोथी पाठ होती

पिंपळगाव राजाच्या आम्ही बाया आज तुमच्याशी आठवणीबद्दल बोलणार आहोत.

बचत गटाच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आता माझ्या काही ध्यानातच राहत नाही बाई." चाळिशीतली म्हणते, सत्तरीतलीही म्हणते. आणि घरात आजीनं जुनं काही सांगायला तोंड उघडलं, की कोणीतरी म्हणतं, "राहू दे, तुला काय आठवतं आता." मग आजी गप्प बसते. बाईच्या आठवणीला काय किंमत असते, हे समजावं म्हणून आज आपल्याच वऱ्हाडातली साडेसातशे वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो.

अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर नावाचं गाव आहे. तेराव्या शतकात तिथं गोविंदप्रभू राहत होते. त्यांचे शिष्य म्हणजे महानुभाव पंथाचे चक्रधर स्वामी. चक्रधर पायी फिरायचे, गोदावरीच्या काठानं आणि वऱ्हाडातून. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरला आणि लोणारलाही ते राहून गेले. त्यांच्यासोबत पुरुष होते तशा बायकाही होत्या. बाइसा, महदाइसा, आउसा, उमाइसा, देमाइसा अशी कितीतरी नावं आहेत. धर्माचं ज्ञान बाईलाही पुरुषाइतकंच मिळालं पाहिजे, असं चक्रधर सांगत. पाळीचा विटाळही त्यांनी मानला नाही. शरीरातून इतर गोष्टी बाहेर पडतात तशीच ती एक, असं त्यांनी त्या काळात समजावून सांगितलं होतं.

पुढे १२७० नंतरच्या काही वर्षांत चक्रधर या माणसांतून निघून गेले. मागे राहिलेली मंडळी रिद्धपूरला गोविंदप्रभूंकडे आली. आता त्यांच्याजवळ स्वामींचं काय उरलं होतं? चक्रधरांनी स्वतः ग्रंथ लिहिलेला नव्हता. ते कुठं थांबले, कोणाला काय म्हणाले, कशावरून हसले, कशावरून रागावले, हे फक्त ज्यांनी पाहिलं त्यांच्या डोक्यात होतं.

त्या मंडळींचे प्रमुख होते नागदेवाचार्य. पंथाची परंपरा सांगते, की ते एकांतात बसून स्वामींची एकेक गोष्ट मनात आठवत राहायचे. म्हाइंभट नावाच्या विद्वान शिष्यानं हे पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं, की ही माणसं गेली की गोष्टीही जातील. म्हणून त्यानं जिथं ज्यानं पाहिलं तिथं त्यालाच विचारायचं काम हाती घेतलं. मिळालेली गोष्ट नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यायची आणि मग लिहायची, अशी त्याची रीत होती. असा १२७८ च्या सुमारास 'लीळाचरित्र' हा ग्रंथ तयार झाला. मराठीतला हा पहिला गद्य ग्रंथ मानतात. त्यात हजारावर छोट्या छोट्या गोष्टी आहेत. एकेका गोष्टीला लीळा म्हणतात.

आता इथं बायकांचं काम बघा. स्वामींच्या रोजच्या वावरातल्या गोष्टी म्हणजे जेवण, आजारपण, वाटचाल, मुक्काम. त्या जवळून पाहिल्या बायकांनी. म्हणून त्यांना विचारल्याशिवाय म्हाइंभटांचं पुस्तक पुरं होणारच नव्हतं. त्यातली महदाइसा तर सारखे प्रश्न विचारणारी म्हणून प्रसिद्ध होती. गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या सोहळ्यात तिनं रचलेली गाणी 'धवळे' म्हणून ओळखली जातात, आणि तिला मराठीची पहिली कवयित्री मानतात. प्रश्न विचारणाऱ्या बाईला उत्तर ध्यानात राहतं, हा आपलाही अनुभव आहे. याचं कारण साधं आहे. जिकडं लक्ष नसतं, ते डोक्यात पुरतं शिरतच नाही. चष्मा कुठं ठेवला हे आपण "विसरलो" म्हणतो, पण ठेवताना मन चुलीवरच्या दुधाकडं असतं. तिथं विसरायला आधी काही साठलेलंच नसतं. कामाचा आणि काळजीचा बोजा जितका जास्त, तितकं हे जास्त होतं. बायकांच्या विसरभोळेपणाचा मोठा भाग हाच आहे.

आणखी एक गोष्ट फार मोलाची आहे. दोघांनी एकच प्रसंग वेगवेगळा सांगितला, तर म्हाइंभटांनी एकाला खोटं ठरवून दुसरं पुसून टाकलं नाही. अमक्याच्या सांगण्याप्रमाणे असं, तमकीच्या सांगण्याप्रमाणे तसं, अशी नावानिशी नोंद लीळाचरित्रात सापडते. बाईचं सांगणंही तिच्या नावानं नोंदलेलं आहे.

हे किती शहाणपणाचं होतं, ते जगाला पुष्कळ उशिरा कळलं. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक बार्टलेट नावाच्या प्राध्यापकानं लोकांना एक परक्या देशातली गोष्ट वाचायला दिली आणि काही काळ जाऊ देऊन ती पुन्हा पुन्हा सांगायला लावली. १९३२ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. लोक गोष्ट जशीच्या तशी सांगत नव्हते. न समजलेला भाग गळून जायचा, अनोळखी वस्तूच्या जागी आपल्या ओळखीची वस्तू यायची. सांगणारे खोटं बोलत नव्हते. आठवताना आपलं डोकं दर वेळी गोष्ट नव्यानं जुळवतं, जसं घरात जे असेल त्यावर आपण भाजीचं निभावून नेतो. म्हणून दोन जावांना एकाच लग्नाचं वेगवेगळं आठवतं. भांडण्यापेक्षा दोन्ही ऐकून घेतलेलं बरं.

आता गोष्टीतला अवघड भाग येतो. देवगिरीच्या यादवांच्या राज्यावर खिलजीच्या फौजा आल्या. पळापळ झाली. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्या धामधुमीत म्हाइंभटांची मूळ पोथी गेली. गेली ती परत मिळाली नाही.

मग पंथाच्या लोकांनी ज्यांना जे पाठ होतं ते पुन्हा गोळा केलं. त्यात हिराइसा नावाच्या बाईचं नाव आदरानं घेतात. तिला लीळाचरित्र तोंडपाठ होतं असं परंपरा सांगते, आणि तिच्या नावाचा एक पाठच पंथात ओळखला जातो. दुसऱ्यांच्याही पाठांवरून पोथ्या सिद्ध झाल्या. त्यांत थोडेफार फरक राहिले. पण कागद गेल्यावर पुस्तक वाचलं ते या माणसांच्या आठवणीमुळं.

एका बाईला एवढं पाठ कसं झालं असेल? त्याची कारणं समजतात. पहिलं म्हणजे प्रत्येक लीळा लहान आहे, आणि तिला एक गाव, एक माणूस, एक प्रसंग जोडलेला आहे. मोकळा शब्द डोक्यातून निसटतो, पण गावाला आणि माणसाला बांधलेला शब्द निसटत नाही. दुसरं म्हणजे स्मरण हा या पंथात रोजच्या साधनेचाच भाग होता. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन अभ्यासकानं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून एक गोष्ट दाखवली. अर्थ नसलेले शब्द पाठ केले, तर तासाभरात निम्म्याहून जास्त जातात आणि एका दिवसात सुमारे दोन तृतीयांश. विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतो. पण थोडं थोडं थांबून तेच पुन्हा म्हटलं, की ते टिकतं. लेकराला पाढे एका रात्री घोकून घेण्यापेक्षा रोज थोडे म्हणवून घ्या, असं आपल्या आज्या सांगायच्या, ते हेच. शिकल्यावर झोपही हवी. झोपेत डोकं दिवसभराचं शिकलेलं पक्कं करत असतं.

तिसरं कारण भाषेचं. केशोबास नावाच्या शिष्याला संस्कृतात लिहायचं होतं, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्याला अडवलं. संस्कृतात लिहिलं तर आपल्या साध्या बायामाणसांचं नुकसान होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. ही हकीकत 'स्मृतिस्थळ' या महानुभाव ग्रंथात आहे. आपल्या भाषेत समजलेलं जास्त दिवस राहतं. बँकेचा परकीय शब्दांनी भरलेला कागद दुसऱ्या दिवशी का आठवत नाही, हे आता सांगायला नको.

पोथ्या पुन्हा तयार झाल्या, पण पुढे त्या सांकेतिक लिपीत लिहिल्या जाऊ लागल्या. त्यामुळे ज्ञान सुरक्षित राहिलं, आणि बाहेरच्यांपासून काही शतकं लपूनही राहिलं. १९१० च्या सुमारास इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीची उकल करून दाखवली. पुढे लीळाचरित्राचे वेगवेगळे पाठ ताडून १९७८ मध्ये मोठी आवृत्ती काढली ती डॉ. वि. भि. कोलते यांनी. ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि जन्म त्यांचा कुठला? आपल्याच जिल्ह्यातलं मलकापूरजवळचं नरवेल गाव! आज रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे. त्या इमारतीच्या पायात हिराइसेची आठवण आहे, हे आपल्या लेकीबाळींना सांगायला हवं.

आता आपल्या घराकडं येऊ. जात्यावरच्या ओव्या आपल्या आज्यांना शेकड्यांनी यायच्या. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि ओव्याही गेल्या. पण आजीला नुसतं "ओवी म्हण" म्हटलं तर ती म्हणते, आठवत नाही; जात्याशी बसवलं, खुंटा हातात आला, की एकीमागं एक ओवी निघते. याचंही कारण आहे. १९७५ मध्ये गॉडन आणि बॅडली या दोन अभ्यासकांनी पाणबुड्यांना काही शब्द पाण्याखाली पाठ करायला दिले आणि काही काठावर. पाण्याखाली पाठ केलेले शब्द त्यांना पाण्याखालीच जास्त आठवले. आठवण जागेला, वासाला, हाताच्या कामाला बांधलेली असते. खूण गेली की वाट सापडत नाही, पण घर पडलेलं नसतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी १९८० नंतरच्या काळात गावोगाव फिरून बायकांकडून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या. म्हाइंभटांचंच काम म्हणा.

आपल्याकडंही असं काम पडून आहे. १९७२ चा दुष्काळ घ्या. त्या वेळी ज्या बाया खडी फोडायला गेल्या, लाल मिलोच्या भाकरी आणि सुकडी खाऊन लेकरं जगवली, त्या आज सत्तरीच्या पुढं आहेत. अशा दुष्काळी कामांच्या अनुभवातूनच महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. सरकारी कागदांत कामांचे आकडे आहेत. पण तान्हं लेकरू खडीच्या ढिगाजवळ कोणाच्या सावलीत ठेवलं, मजुरीतून आधी काय घेतलं, कोणती विहीर शेवटपर्यंत आटली नाही, हे कागदांत नाही. ते त्या बायांच्या डोक्यात आहे, आणि त्या दर वर्षी कमी होत आहेत.

म्हणून प्रत्येक गटानं पुढच्या बैठकीत एक वही वेगळी काढावी. महिन्याला एका आजीला बोलवावं. तिला आधी मोकळं बोलू द्यावं, आपले शब्द तिच्या तोंडात घालू नयेत. "तेव्हा लई हाल झाले ना?" असं विचारलं की ती "हो" म्हणेल आणि गोष्ट तिथंच संपेल. "त्या दिवशी सकाळी तुम्ही घरून काय घेऊन निघालात?" असं विचारा. जमलं तर त्या वावरात, त्या विहिरीवर घेऊन जा. दोघींचं सांगणं वेगळं आलं तर दोन्ही लिहा, नावानिशी लिहा. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा, आणि त्यांनी चालेल म्हटलं तरच पुढं न्या. वहीच्या दोन प्रती दोन घरी ठेवा. एकच पोथी असली की काय होतं, ते आपण आत्ताच ऐकलं.

एक सांगायचं राहतं. नाव पटकन न आठवणं, मग थोड्या वेळानं आठवणं, हे वयाबरोबर होतंच. पण रोजची वाट चुकू लागली, घरचं माणूस ओळखू येईना, नेहमीचा स्वयंपाक जमेना, तर ते म्हातारपण म्हणून सोडू नका. सरकारी दवाखान्यात दाखवा. थायरॉईडचा त्रास किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमी यामुळंही विसर पडतो, आणि त्यावर उपाय होतो. रागावून कोणाची आठवण परत येत नाही.

आणि ज्या आजीला सगळं धड आठवतं, तिच्याजवळ या आठवड्यातच जाऊन बसा. वही आणि पेन सोबत न्यायला विसरू नका.