सोनारची जागा: जहाजाच्या तळापासून अंबरनाथपर्यंत

सोनारचा ट्रान्सड्यूसर पाण्यात ध्वनी सोडतो आणि समोरच्या वस्तूवर आदळून परतलेला प्रतिध्वनी टिपतो. हा प्रतिध्वनी फार क्षीण असतो, त्यामुळे ट्रान्सड्यूसरसाठी तळावरची सर्वांत शांत जागा हेरावी लागते. मागच्या बाजूला इंजिने आणि पंखा असतात. पंखा वेगाने फिरू लागला की पात्यांवर बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि त्यांच्या गोंगाटात प्रतिध्वनी बुडून जातो. पुढे नाळेपाशी फुटलेल्या लाटेची हवा तळाखाली ओढली जाते आणि ध्वनीची वाट अडवते. खवळलेल्या समुद्रात तर नाळच पाण्याबाहेर येते. म्हणून जहाजाच्या पुढच्या एक-तृतीयांश भागातील, कण्याजवळची खोल जागा पूर्वीपासून पसंत केली जाते.

टायटॅनिक 1912 मध्ये हिमनगावर आदळून बुडाल्यानंतर प्रतिध्वनीने वस्तू हेरण्याच्या प्रयत्नांना वेग आला. 1914 मध्ये संशोधक फेसेंडेन यांनी हिमनगावरून आलेला प्रतिध्वनी टिपला. पहिल्या महायुद्धात फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लांजव्हँ यांनी पोलादी पत्र्यांमध्ये क्वार्ट्झ बसवून प्रभावी ट्रान्सड्यूसर बनवला. ब्रिटिश नौदलाने तो तळाखाली उतरवता आणि परत आत ओढता येणाऱ्या घुमटात ठेवला. घुमटाचा आकार निमुळता केल्याने पाणी त्याला वळसा घालून शांतपणे वाहत असे. पुढे दूरवरचे ऐकण्यासाठी कमी कंप्रतेचे, आकाराने मोठे सोनार आले. ते तळाखाली मावेनात, तेव्हा 1950 नंतर काही युद्धनौकांच्या नाळेखाली फुगीर कंद बांधून त्यांना तेथे जागा देण्यात आली. कंद पंख्यापासून सर्वांत दूर आणि बुडबुड्यांच्या थराखाली राहतो.

भारतात मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये ब्रिटिश आराखड्यावर बांधलेली ‘निलगिरी’ ही युद्धनौका 1972 मध्ये नौदलात दाखल झाली. 1983 च्या ‘गोदावरी’ या युद्धनौकेवर कोचीच्या प्रयोगशाळेने विकसित केलेला ‘अप्सोह’ हा भारतीय सोनार आला. 2014 मध्ये दाखल झालेल्या ‘कोलकाता’चा सोनार नाळेखालच्या कंदात आहे.

जागा उत्तम निवडली तरी ती शांत ठेवण्याचे काम साहित्याचे असते. नौदलाची रासायनिक आणि धातुशास्त्रीय प्रयोगशाळा 1953 मध्ये मुंबईच्या गोदीत सुरू झाली. तीच आज अंबरनाथच्या आनंदनगर परिसरात नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी म्हणून ओळखली जाते. गंज, रंग, रबर आणि पॉलिमर हे तिचे अभ्यासविषय. इंजिनाचा कंप पोलादी सांगाड्यातून ट्रान्सड्यूसरपर्यंत पोहोचतो. तो वाटेतच शोषून घेण्यासाठी रबराचे थर लागतात. तळावर शंखशिंपले चिकटले किंवा गंजाने खड्डे पडले की खडबडीत पृष्ठावरून पाणी खळाळत वाहते आणि शांत जागाही गोंगाटाची होते. त्यामुळे रंगाचा लेप आणि गंजरोधन ही सोनारचीही निगा ठरते.

सोनारसाठी लागणाऱ्या साहित्याचे काम पुण्यात आणि राज्याबाहेर गोव्यातही होते. पुण्याच्या पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत ट्रान्सड्यूसरमध्ये विजेचे ध्वनीत रूपांतर करणाऱ्या पीझोविद्युत सिरॅमिकवर काम होते. पुण्यातच आराखडा झालेला, संमिश्र साहित्याचा भारतीय बनावटीचा सोनार घुमट 2016 मध्ये गोव्यात तयार झाला. घुमटाची भिंत लाटांचा मारा सोसण्याइतकी दणकट, तरीही ध्वनीला विनाअडथळा जाऊ देणारी असावी लागते.

जहाज पाण्यात उतरल्यावर सोनारची जागा बदलायची तर त्याला सुक्या गोदीत घेऊन तळ कापावा लागतो. म्हणून आराखडा कागदावर असतानाच जहाजरचनाकार, ध्वनितज्ज्ञ आणि साहित्यशास्त्रज्ञ मिळून ती ठरवतात.