गांवचा ठेवा आणि त्याचे राखणदार

राजांच्या तरवारी आणि सनदा मोठ्या संग्रहालयांत जपल्या जातात. परंतु देवळांतील समई, चर्चमधील चांदीचा पेला, गांवचें जुनें दप्तर यांचा वाली कोण, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. त्याचें उत्तर शोधूं जातां आमची दृष्टि गोव्यांतील रायतूरकडे वळते. त्यालाच राशोल असेंहि म्हणतात.

साष्टींतील या गांवीं जेझुइटांचें विद्यालय होतें. १५७९ सालीं गोव्यास आलेले इंग्रज धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स यांनीं सुमारें ११ हजार मराठी ओव्यांत रचिलेलें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं येथेंच रोमन लिपींत छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. इतकें असूनहि या तिन्ही आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ वांचला तो हस्तलिखितांमुळें. गोव्याकडून मंगळूर प्रांतीं गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत त्याच्या नकला भक्तिभावानें वाचल्या जात. अशा हस्तलिखितांवरूनच जे. एल. सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें तो पुन्हां प्रसिद्ध केला. छापखान्यानें जें राखलें नाहीं तें घरच्या पेटीनें राखलें!

याच रायतूरच्या धर्मविद्यालयांत १९९४ सालीं ख्रिस्ती कलेचें संग्रहालय उघडण्यांत आलें, हा योग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. २००२ सालीं तें जुन्या गोव्यांतील सांता मोनिका मठांत हलविण्यांत आलें. १६०६ सालीं या मठाच्या बांधकामास आरंभ झाला होता. हस्तिदंती मूर्ति, चांदीचीं पूजापात्रें, कोरीव लांकूडकाम, भरजरी धर्मवस्त्रें असा तेथील संग्रह आहे. १५६७ च्या गोव्यांतील धर्मपरिषदेनें हिंदु कारागिरांकडून पूजेच्या वस्तु करवून घेण्यास मनाई केली होती. तरी असलीं कामें हिंदु सोनारसुतारांच्या हातून पुढेंहि होतच राहिलीं. परिषदेचा ठराव वाचून जें कळत नाहीं, तें ह्या वस्तु पाहून कळतें.

मात्र कांचेच्या कपाटांत गेलेली वस्तु सुरक्षित झाली तरी आपल्या माणसांपासून दुरावते. ती कोणत्या चर्चमधून आली, कोणत्या सणास बाहेर काढीत, तिची निगा कोण राखी, हें गांवच्या वृद्धांस ठाऊक असतें. तें वेळींच लिहून घेतलें नाहीं, तर वस्तु उरते आणि इतिहास जातो. म्हणून संग्रहालय कितीहि सुंदर असलें तरी त्यास गांवकऱ्यांची जोड हवी.

हें काम राजाश्रयावांचून होत नाहीं असेंहि नाहीं. १९१० सालीं राजवाडे व मेहेंदळे यांनीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें, तें घरोघरचीं दप्तरें मिळवीतच वाढलें. पुणें जिल्ह्यांतील इंदापूर तालुक्याच्या अंथुर्ण्यासारख्या गांवींहि एवढें करतां येईल. त्यासाठीं इमारत नको. देवळाची ओवरी, शाळेची एक खोली अथवा चर्चची पडवी पुरे. दोनचार उत्साही मंडळी आणि एक नोंदवही असली म्हणजे झालें. वस्तु कोणाची, कोठली, कशासाठीं, एवढें त्या वहींत लिहावें. तीन आवृत्त्या निघालेला ग्रंथहि नाहींसा होऊं शकतो, मग एकाच म्हाताऱ्याच्या स्मरणांत असलेली हकीकत किती दिवस टिकणार?