अजिंठ्याची भिंत आणि रिकामी जागा

हैदराबादेच्या बाग-ए-आममधील पुरातत्त्व संग्रहालयात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींचे एक दालन आहे. सय्यद अहमद व मुहम्मद जलालुद्दीन या चित्रकारांच्या कुंचल्याची ती कामगिरी होय. बरकतपुऱ्याहून विद्यार्थ्यांना तेथे घेऊन जाण्याचा प्रस्तुत लेखकाचा परिपाठ आहे. गेल्या भेटीत नववीतील एका विद्यार्थ्याने पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचे एक छायाचित्र आपल्या फोनवर दाखविले. मूळ भिंतीवर या चित्राचा खालचा भाग पुष्कळच नष्ट झालेला आहे. परंतु फोनमधील चित्र अखंड होते. बोधिसत्त्वाच्या पायांत तोडे होते, पायांशी तळे होते आणि तळ्यात कमळे फुललेली होती. "सर, यंत्राने दुरुस्त करून दिले," तो म्हणाला. चित्र सुंदर होते हे नाकारता येणार नाही. मात्र ते तोडे कोणत्या शतकातील, या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर माझ्यापाशीही नव्हते.

अजिंठ्यापुढे हा प्रश्न प्रथमच उभा राहिला आहे असे नाही. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली, तेव्हापासून नष्ट होत चाललेले चित्र जतन कसे करावे, ही चिंता त्यांच्या इतिहासाला चिकटलेली आहे. मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल १८४४ पासून तेथे राहून तैलरंगात प्रती काढीत होता. त्यांतील बहुतेक १८६६ च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत भस्मसात झाल्या. त्यानंतर १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह तेच काम पुन्हा केले, आणि त्यांच्याही कित्येक प्रती १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथे आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. दैवाचा हा खेळ चमत्कारिकच म्हणावयाचा! परंतु ग्रिफिथ्सच्या ज्या प्रती लंडनच्या संग्रहालयात शिल्लक आहेत, त्यांपैकी कित्येकांत गिलावा गळून पडलेल्या जागाही चितारलेल्या दिसतात. भिंतीवर जे नाही, ते नाही असेच त्यांनी नोंदविले. या एका गोष्टीसाठी प्रस्तुत लेखकास त्या चमूविषयी विशेष आदर वाटतो.

१९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम प्रती काढण्यास आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर बंगालचे नंदलाल बोस होते, तसेच हैदराबादचे सय्यद अहमदही होते. अजिंठा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. १९१४ साली त्या राज्याचे पुरातत्त्व खाते स्थापन होऊन गुलाम याझदानी त्याचे संचालक झाले. लोरेन्झो चेक्कोनी व काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना निजाम सरकारने पाचारण केले आणि १९२० ते १९२२ या काळात त्यांनी सुटू लागलेला गिलावा भिंतीस घट्ट बसविला. चित्रे वाचली ती बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे. परंतु रंगांच्या रक्षणार्थ दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडला, आणि तो काढण्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना अनेक वर्षे खपावे लागले. याझदानींनी चार भागांत, १९३० ते १९५५ या काळात, प्रसिद्ध केलेला 'अजंता' हा ग्रंथ छायाचित्रांवर आधारलेला आहे. कुंचल्याच्या जागी कॅमेरा आला, तेव्हा चित्रकाराची स्वतःची भर टळली असे अनेकांस वाटले असावे. आता कॅमेऱ्याच्या मागे पुन्हा एक कुंचला येऊन बसला आहे.

त्याची रीत समजून घेणे अगत्याचे आहे. फोटोशॉप ही आज्ञावली १९९० साली बाजारात आली. २०१० मध्ये तीत रिकामी जागा आपोआप भरण्याची सोय झाली. परंतु ते यंत्र त्याच चित्रातील शेजारचा भाग उचलून ठिगळ लावीत असे. २०२३ मध्ये आलेली सोय निराळी आहे. असंख्य चित्रांवरून शिकलेली कृत्रिम बुद्धिमत्ता त्या जागी काय असणे संभवनीय आहे याचा अंदाज बांधते आणि तो अंदाज चितारते. ठिगळ निदान त्याच वस्त्राचे होते; हे नवे कापड कोणत्या मागावरचे, हे सांगता येत नाही. चेक्कोनींची चूक त्यांच्या नावाने व सालाने नोंदली गेली आहे, म्हणून ती दुरुस्त करता आली. यंत्राच्या अंदाजाला ना नाव ना साल.

तथापि यंत्राला केवळ दोष देणे अन्यायाचे होईल. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी अजिंठ्याच्या मंद प्रकाशात वर्षानुवर्षे छायाचित्रे घेऊन संगणकावर त्यांतील हरवलेले भाग जुळविण्याचे व्रत चालविले आहे. या पद्धतीचा मोठा गुण असा, की भिंतीला हात लागत नाही. लाखेसारखा लेप खरवडून काढण्याचा प्रसंग येत नाही; मूळ छायाचित्र शेजारी तसेच राहते. अडचण आहे ती ही, की जुळविलेले चित्र मूळ चित्रापासून सुटून एकटेच फिरू लागते. इटालियन विद्वान चेझारे ब्रांदी यांच्या परंपरेतील जीर्णोद्धारक रिकामी जागा बारीक उभ्या रेषांनी भरतात. दुरून चित्र अखंड वाटते, जवळ गेल्यास भर कोठे घातली आहे ते उघड दिसते. यंत्राने भरलेल्या जागेत अशी रेषा नाही. ती जवळूनही अखंडच दिसते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पद्मपाणीची दोन चित्रे छापून वर्गाच्या फळ्याशेजारी लावली, एक भिंतीचे आणि एक फोनमधील. त्या विद्यार्थ्याने पेन्सिल घेऊन दुसऱ्या चित्रातील यंत्राने घातलेल्या भागाभोवती रेघ ओढली. रेघ ओढता ओढता तो तोड्यांपाशी थांबला आणि म्हणाला, "सर, घोट्यापर्यंत खरे आहे की गुडघ्यापर्यंत?" ते ठरविण्यासाठी आम्हांस याझदानींचा ग्रंथ मागवावा लागला.