उलवे ते उलवे, व्हाया चिरनेर

सायकल घेतली तेव्हा घरात दोन प्रश्न विचारले गेले. बायकोने विचारलं, "कितीला पडली?" आणि आईने विचारलं, "एवढे पैसे मोजून ही खडीच्या रस्त्यावरच चालवायची? चांगला रस्ता काय वाईट आहे?" पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर मी अजून दिलेलं नाही :) दुसऱ्याचं उत्तर देण्याचा हा प्रयत्न.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ग्रॅव्हल बाईक म्हणजे रोड बाईक आणि माउंटन बाईक यांच्या मधला प्रकार. हँडल रेसच्या सायकलसारखं खाली वळलेलं, पण टायर रुंद आणि खाचांचे. मुरूम, खडी, कच्ची वाट, शेताकडेचा रस्ता, सगळीकडे चालते. सोमवार ते शुक्रवार दहा तास स्क्रीनकडे बघणाऱ्या माणसाला शनिवारी सकाळी काय हवं असतं? जिथे हॉर्न नाही, मीटिंग नाही आणि कुणी माणूस नाही अशी वाट. मीही त्यासाठीच सायकल घेतली.

राहतो उलव्यात. म्हणजे आता ज्याला उलवे म्हणतात त्या नोडमध्ये. इथे आल्यावर बऱ्याच दिवसांनी कळलं, की मूळ उलवे गाव हे नव्हेच. आमच्या इमारती उभ्या आहेत त्या गव्हाण, वहाळ, शेलघर, बामणडोंगरी, खारकोपर या गावांच्या जमिनींवर. खरं उलवे गाव विमानतळात गेलं. विमानतळासाठी जी दहा गावं उठवली त्यांत उलवे होतं, तरघर होतं, कोंबडभुजे, गणेशपुरी, कोपर, कोल्ही, चिंचपाडा, ओवळे, वाघिवली होती. उलव्याची साधारण ९० मीटर उंचीची टेकडी सुरुंग लावून कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला विमानं सुरू झाली. गाव गेलं, टेकडी गेली, नदी सरकली, आणि नाव तेवढं उरलं ते आमच्या पत्त्यात. पिझ्झा मागवताना रोज टाइप करतो मी ते.

असो. तर राईडकडे वळू. मार्ग असा : उलवे, गव्हाण, जासई, चिर्ले, दिघोडे, चिरनेर, तिथून दिघाटी, साई करत गोवा हायवे, मग कर्नाळ्याची खिंड, शिरढोण, पळस्पे, पनवेल आणि घरी. साधारण साठ-सत्तर किलोमीटर. पक्का रस्ता आहेच, पण जागोजागी त्याला सोडून बाजूच्या कच्च्या वाटा धरता येतात.

पहिल्याच राईडला मी खाडीकडच्या एका वाटेवर घुसलो. मोबाईलच्या नकाशात तिथे छान बारीक करडी रेघ होती. दोन्हीकडे पाणी, मध्ये मातीची उंच सरळ पट्टी, समोर बगळे. मनात म्हटलं, मिळाली आपली वाट! तेवढ्यात समोरून एक आजोबा आले. डोक्याला टॉवेल, हातात विळा. थांबले, सायकलकडे बघितलं, टायरकडे बघितलं आणि म्हणाले, "बाला, इकरं रस्ता नाय, बांध हाय."

मी म्हटलं, "पण नकाशात रस्ता दाखवतोय, बाबा."

ते हसले. म्हणाले, नकाशावाल्याला सांग, पावसात येऊन माती टाकून जा.

उतरलो आणि सायकल हातात धरून त्यांच्याबरोबर परत आलो. त्या दहा मिनिटांत जे ऐकलं आणि नंतर घरी येऊन जे वाचलं, त्याने ह्या सगळ्या परिसराकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

आपल्याला वाटतं तशी ही सपाट जमीन आपोआप सपाट नाही. रायगडच्या खाडीकाठच्या आगरी आणि इतर शेतकऱ्यांनी ती समुद्राकडून मिळवलेली आहे. भरतीचं पाणी अडवायला मातीचा बांध घालायचा, त्यात उघाडी ठेवायची. उघाडी म्हणजे ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडणारं आणि भरतीचं पाणी आत न घेणारं दार. मग वर्षानुवर्षं पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन निघालं, की तिथे भात पिकतो. बांध फुटला तर एका भरतीत शेत खारं होतं आणि पुन्हा गोडं व्हायला कित्येक पावसाळे लागतात. म्हणून बांध हे एकट्याचं काम नव्हतंच. गावोगाव लोक एकत्र येऊन ते राखत. पुढे १९४८ च्या खारजमीन कायद्याने यात सरकारी मंडळ आलं. पण मुद्दा काय, मी ज्याला मोकळी वाट समजत होतो तो पिढ्यान्‌पिढ्या जपलेला बांध होता. ओल्या मातीत माझ्या टायरची एक चाकोरी पडली, की पाण्याला आत यायला निमित्त मिळणार.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. जुन्या कोडमधली एखादी ओळ निरुपयोगी वाटली, तरी ती कुणी आणि का लिहिली हे कळल्याशिवाय डिलीट करायची नाही. तो नियम मी त्या दिवशी जमिनीला लावायला शिकलो.

पुढे जासई. जे.एन.पी.टी.कडे जाणारे कंटेनर, डोक्यावर अटल सेतूकडे जाणारे पूल. (त्या सेतूवर दुचाक्यांनाही बंदी, सायकलचं तर नावच नको.) इथल्या दास्तान फाट्यावर १६ जानेवारी १९८४ ला पोलिसांनी शेतकऱ्यांवर गोळीबार केला. दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला, नवघर फाट्यावर. दोन दिवसांत पाच माणसं गेली : धुतूमचे रघुनाथ ठाकूर, चिर्ल्याचे नामदेव घरत आणि पागोट्याचे कमळाकर तांडेल, महादेव पाटील, केशव पाटील.

पार्श्वभूमी अशी. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे आणि रायगड (तेव्हाचा कुलाबा) जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेण्याचं ठरलं. त्यात न्हावाशेवा बंदराची भर पडली. मोबदला तुटपुंजा होता. ह्या शेतकऱ्यांचे पुढारी होते दि. बा. पाटील, मूळचे जासईचेच, शेतकरी कामगार पक्षाचे. मागणी नुसत्या पैशाची नव्हती. जमीन घ्या, पण तिची शहरात जी किंमत होईल त्यात आमचा वाटा ठेवा, अशी ती मागणी होती. त्यातून पुढे १९९० च्या दशकात साडेबारा टक्क्यांची योजना अंमलात आली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्क्यांच्या हिशेबाने विकसित भूखंड मूळ मालकाला परत. हे तत्त्व तेव्हा देशात नवीन होतं.

आता आमच्या सोसायटीचं सांगतो. घर घेताना वकिलाने कागद तपासले, तेव्हा प्लॉटपुढे "१२.५%" असं लिहिलेलं होतं. मी विचारलं हे काय, तर म्हणाला, "काही नाही, साडेबारा टक्क्यातला प्लॉट आहे, क्लिअर आहे." मी पुढचं पान उलटलं. ते "काही नाही" काय होतं, ते मला जासईच्या हुतात्मा स्मारकासमोर पाण्याची बाटली उघडताना समजलं. बँकेचा हप्ता मी फेडतोय, पण त्या प्लॉटची पहिली किंमत माझ्या आधी कुणीतरी मोजलेली आहे.

जासईनंतर चिर्ले, दिघोडे. दिघोड्यापर्यंत कंटेनर यार्डांची धूळ खावी लागते. त्यानंतर मात्र डोंगर जवळ येतात आणि चिरनेर लागतं. महागणपतीचं देऊळ, तळं, आणि हुतात्मा स्मारक. २५ सप्टेंबर १९३० ला इथल्या अक्कादेवीच्या डोंगरात जंगल सत्याग्रह झाला. ज्या रानातून पिढ्यान्‌पिढ्या लाकूडफाटा आणला, तिथे जायला सरकारी कायद्याने बंदी. तो कायदा मोडायला आसपासच्या गावांतले लोक कोयते घेऊन रानात शिरले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आठ सत्याग्रही गेले. त्यांत नाग्या कातकरी होते. हुतात्म्यांची आडनावं वाचा : कातकरी, कोळी, न्हावी, पाटील, म्हात्रे. त्या गोंधळात खुद्द मामलेदारही गोळीला बळी पडले.

चिरनेर ते दिघाटी-साई हा राईडचा सगळ्यात सुंदर तुकडा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं. इथे मुरुमाच्या वाटा भरपूर. पण पाटी दिसली तर ती वाचा. रान वनखात्याचं आहे आणि काही वाटा पाड्यांच्या अंगणातूनच जातात.

गोवा हायवेला लागून कर्नाळ्याची खिंड चढली, की उतारावर शिरढोण. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म इथला, ४ नोव्हेंबर १८४५. हा माणूस पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होता. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखा खुर्चीवरचा नोकरदार. आजारी आईला भेटायला वेळेवर रजा मिळाली नाही, असं सांगतात. रजा नाकारली तर आपण फार तर रेझ्युमे अपडेट करतो! १८७६-७७ च्या दुष्काळात लोकांचे हाल बघून ह्या कारकुनाने रामोशांना बरोबर घेऊन बंड केलं. मे १८७९ मध्ये त्यांच्यातल्या दौलतराव नाईकांच्या तुकडीने इथल्याच पळस्प्यावर छापा घातला. फडके त्याच वर्षी पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला एडनच्या तुरुंगात वारले.

मग पनवेल. एकेकाळचं बंदर. मुंबईहून पुण्याला जायचं तर होडीने पनवेलला उतरायचं आणि घाट चढायचा. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमने बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला तेव्हा ती मोठी बातमी होती. डांबर तर नव्हतंच. दाबलेली खडी म्हणजेच तेव्हा पुढारलेला रस्ता. आज आम्ही हौसेने शोधतो तो! पुढे १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली, तीही कल्याण-कर्जतवरून. पनवेल बाजूला पडलं, ते थेट विसाव्या शतकात पुन्हा जागं झालं.

तर आईच्या प्रश्नाचं उत्तर. चांगल्या रस्त्यावरून जाताना मला फक्त पुढचा सिग्नल दिसतो. कच्च्या वाटेवर वेग कमी होतो, कुणीतरी थांबवतं, आणि ही जमीन कुणाची हा प्रश्न टाळता येत नाही. १९३० मध्ये रानासाठी, १९८४ मध्ये शेतासाठी, ह्याच साठ-सत्तर किलोमीटरमध्ये लोक तोच प्रश्न घेऊन उभे होते. २०२१ मध्ये विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून हजारोंनी मानवी साखळी केली, तेव्हा मी घरातून वर्क फ्रॉम होम करत "आज ट्रॅफिक फार आहे" एवढंच म्हटलं होतं. माणूस नसलेली वाट शोधायला निघालो होतो. ती इथे नाहीच, आणि बरंच आहे.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, पहाटे साडेपाचला निघा, दोन बाटल्या पाणी आणि एक जादा ट्यूब घ्या. दिघोड्यापर्यंत कंटेनरपासून जपा. जासई आणि चिरनेरला पाच-पाच मिनिटं उतरा, नावं वाचा.

आणि बांधावर सायकल घालू नका. नकाशात रस्ता दिसला तरी.