जालन्याचं पाणी : मोती तलावापासून आपल्या विहिरीपर्यंत

सोसायटीची स्थापना, पहिली कार्यकारिणी, गणेशोत्सव यांविषयी या स्मरणिकेत इतर सभासद लिहितीलच. संपादक मंडळाने मला ‘पर्यावरण’ हा विषय दिला. पर्यावरण हा शब्द फार मोठा आहे. आपल्या जालन्यात त्याचा साधा अर्थ पाणी असा होतो. पाणी असेल तर झाड, झाड असेल तर पाखरू. म्हणून पाण्याचाच इतिहास थोडक्यात मांडतो. त्यामागे एक हेतूही आहे, तो शेवटी सांगेन.

आपलं शहर कुंडलिकेच्या काठी वसलं. त्या काळी विजेचे पंप नव्हते, तरी शहराला पाणी मिळत होतं. मलिक अंबरच्या काळात इथे अधिकारी असलेल्या जमशेदखानाने शहराच्या पश्चिमेला मोठा तलाव बांधला, जमिनीखालून नळ टाकले आणि ते पाणी गावातल्या हौदांत खेळवलं, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये सापडते. तोच आपला मोती तलाव. औरंगाबादची नहर-ए-अंबरी सगळ्यांना ठाऊक असते, पण आपल्या पायाखालीही तशीच करामत होती हे जालन्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. मात्र त्याच गॅझेटियरमध्ये पुढची नोंदही आहे. ही व्यवस्था नादुरुस्त झाली आणि गावातल्या पाच हौदांपैकी सराईच्या चौकातला एकच हौद नियमित भरत राहिला. बांधणारा बांधून गेला, पण नळ साफ ठेवणारे हात मागे राहिले नाहीत.

पुढे निजामाच्या राजवटीत कुंडलिकेवर घाणेवाडीचा तलाव झाला. आज त्याला संत गाडगेबाबा जलाशय म्हणतात. या तलावाचं मोठेपण असं की, तिथलं पाणी उताराने आपोआप शहराकडे येतं. उपसायला वीज लागत नाही, म्हणजे बिलही नाही. नवीन जालन्याच्या कित्येक पिढ्या या पाण्यावर वाढल्या.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. तेव्हा जालना जिल्हा झाला नव्हता, तो १ मे १९८१ रोजी झाला. माझ्या वयाच्या मंडळींना सुकडी आणि खडी फोडणारी माणसं आठवत असतील. त्या वर्षी खायला धान्य नव्हतं, पण विहिरी खोदल्या की बऱ्याच ठिकाणी पाणी लागत होतं. २०१२-१३ च्या दुष्काळात उलटं झालं. दुकानात धान्य भरपूर, पण पाणी कुठेच नाही. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, शेतकऱ्यांनी त्या तोडून सरपण केलं. मधल्या चाळीस वर्षांत आपण जमिनीतलं पाणी उपसून संपवलं होतं.

याचं कारण आपल्या खडकात आहे. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. ही साठवण मुळात छोटी. बोअर कितीही खोल नेला, तरी वरून भरणा झाला नाही तर खाली शिल्लक कुठून येणार? आम्हा बँकवाल्यांना हे लवकर समजतं. ज्या खात्यात भरणाच नाही, त्यातून नुसते चेक फाडता येत नाहीत.

त्या दुष्काळाने जालन्याला दोन चांगले धडे दिले. पहिला घाणेवाडीचा. तलाव गाळाने भरला होता. शहरातले व्यापारी, उद्योजक, सामान्य नागरिक एकत्र आले, घाणेवाडी जलसंरक्षण मंचाच्या पुढाकाराने वर्गणी जमली, यंत्रं लागली आणि गाळ निघू लागला. तो गाळ शेतकऱ्यांनी नेऊन शेतात पसरला. तलावाची पोटजागा वाढली, शेताला कसदार माती मिळाली. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजना २०१७ साली आली. आपल्या लोकांनी ते काम त्याआधीच हाती घेतलं होतं.

दुसरा धडा कडवंचीचा. आपल्याच तालुक्यातलं हे गाव. तिथे मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या साथीने, इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून, नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात गावकऱ्यांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, बांध आणि नाल्यांची कामं केली. पुढे शेततळी झाली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या आणि २०१२ च्या दुष्काळातही गावाने तग धरला. अर्थात शेततळ्याचीही दुसरी बाजू आहे. पावसाचं पाणी धरण्याऐवजी विहिरीचं उपसून तळं भरायचं, असं जिल्ह्यात अनेक ठिकाणी होऊ लागलं. म्हणजे सगळ्यांच्या खात्यातली रक्कम काढून आपल्या तिजोरीत ठेवायची!

आता जायकवाडीहून जलवाहिनीने पाणी येतं. फार मोठी सोय झाली, यात शंका नाही. पण इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. नवं पाणी आलं की आपण जुनं पाणी विसरतो. नळ आले, आड कचऱ्याने भरले. बोअर आले, विहिरी बुजल्या. लांबचं पाणी पंपाने चढवून आणावं लागतं. ज्या वर्षी पैठणचं धरणच रिकामं असेल, त्या वर्षी काय करायचं?

आणि पाणी वाहतं, तशी आपली घाणही वाहते. आपल्या गटारातून गेलेली पिशवी कुंडलिकेत जाते. कुंडलिका दुधनेला, दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला मिळते. गोदामाई आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. कोकणात वेळासच्या गावकऱ्यांनी सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेबरोबर २००२ पासून हीच कासवं जपली. समुद्र आपल्यापासून शेकडो कोस दूर असला, तरी त्याचं एक टोक आपल्या मोरीत आहे.

आता हेतू सांगतो. आपल्या आवारातली विहीर सोसायटीहूनही जुनी आहे, इथे शेत होतं तेव्हाची. २०१३ च्या उन्हाळ्यात ती कोरडी पडली, तेव्हा आपणच श्रमदानाने तिचा गाळ काढला आणि गच्चीचे पाईप तिच्यात सोडले. आज बागेतला कडुनिंब, कढीपत्ता, भगिनी मंडळाची परसबाग तिच्याच पाण्यावर आहे. बुलबुल आणि सूर्यपक्षी येतात तेही त्यामुळेच. ही विहीर बुजवून, पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग करावं असा प्रस्ताव येत्या वार्षिक सभेपुढे आहे. गाड्या वाढल्या आहेत, तरुण सभासदांची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही.

फक्त एक हिशेब मांडतो. हजार चौरस फूट गच्ची म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ६५० मिलिमीटर धरला, तर तिच्यावर साठ हजार लिटर पाणी पडतं. पाचवा हिस्सा वाया गेला तरी अठ्ठेचाळीस हजार लिटर उरतं, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ पाच टँकर. आपल्या सगळ्या गच्च्या मिळून किती होतील, ते मुलांनी सुट्टीत मोजावं.

गाड्यांसाठी कुंपणालगतची पट्टी वापरता येईल, विहिरीवर मजबूत जाळीही बसवता येईल. पण एकदा बुजवलेली विहीर पुन्हा कोणी खोदत नाही. जमशेदखानाचे चार हौद कोणी मुद्दाम मोडले नसतील, फक्त ‘आता त्यांची काय गरज?’ असं कोणीतरी म्हटलं असेल. सभेत हात वर करण्याआधी सर्वांनी एकदा विहिरीत डोकावून यावं, एवढीच विनंती.